वॅट म्हणजे उजेड नव्हे

काही वर्षांपूर्वीपर्यंत भारतातील असंख्य घरांत रात्रभर एक लहानसा दिवा जळत असे. कोठे तो निळा असे, कोठे तांबडा, कोठे हिरवा. लोक त्याला ‘झिरोचा बल्ब’ म्हणत. झिरो म्हणजे शून्य. तेव्हा या दिव्याला वीज लागतच नाही, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत होती. उजेड नगण्य, म्हणून खर्चही नगण्य, असा साधा हिशेब तिच्यामागे असावा. वस्तुस्थिती निराळी होती. तो दिवा सुमारे १२ ते १५ वॅट शक्ती घेत असे. १५ वॅटचा दिवा रोज दहा तास जळला, तर महिन्याला साडेचार युनिट वीज खर्च होते. आज एल.ई.डी. जातीचा ९ वॅटचा दिवा सबंध खोली उजळून टाकतो. तोही तितकेच तास जळत ठेवला, तर महिन्याचा खर्च पावणेतीन युनिटांच्या आतच राहतो. म्हणजे ज्याला आपण शून्य म्हणत होतो तो दिवा, भरपूर उजेड देणाऱ्या आजच्या दिव्यापेक्षा अधिक वीज खात होता!

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण पाहू. कपड्यांची इस्त्री ७५० वॅटची असते. अंधाऱ्या खोलीत ती चालू करून ठेवली, तर तिच्या उजेडात पुस्तकातील एक अक्षरही वाचता येणार नाही. वॅट म्हणजे उजेड, हे समीकरण खरे असते, तर इस्त्रीसमोर डोळे दिपून जावयास हवे होते.

ही दोन उदाहरणे एकाच चुकीची दोन रूपे आहेत. दिव्याचा उजेड आपण वॅटमध्ये मोजतो, आणि वॅट हे उजेडाचे माप नाही. ते खर्चाचे माप आहे. ही चूक केवळ शब्दांची नाही. तिचा भुर्दंड घरखर्चाला बसतो, आणि अभ्यासास बसलेल्या मुलालाही बसतो. म्हणून शाळांनी, ग्रंथालयांनी आणि दिवे विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ती आता सोडून द्यावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

वॅट काय सांगतो

एखादे उपकरण दर सेकंदाला किती ऊर्जा वापरते, हे वॅट सांगतो. दर सेकंदाला एक जूल ऊर्जा खर्च होत असेल, तर त्या उपकरणाची शक्ती एक वॅट. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे वीजबिलातील एक युनिट झाले. ऊर्जा कोणत्या रूपात बाहेर पडली, ती पंख्याच्या फिरण्यात गेली, पाणी तापविण्यात गेली की प्रकाशात गेली, याविषयी वॅट एक अक्षरही बोलत नाही.

प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असता त्याच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. एखाद्या वाचनालयात वीस वाचक बसले, म्हणजे तेथे २००० वॅटची भट्टीच पेटली, असे म्हणावयास हरकत नाही. पण दिवे गेले, तर या वीस जणांच्या तेजाने कोणालाही वर्तमानपत्र वाचता येणार नाही.

दिव्यावर छापलेला आकडादेखील निरपेक्ष नसतो. भारतात घरगुती दिव्यावरील आकडा साधारणतः २३० व्होल्ट दाबासाठी असतो. तंतूच्या जुन्या दिव्याला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटला, तर त्याचा विजेचा खर्च सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. उजेड मात्र सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. संध्याकाळी दाब उतरला की दिवा पिवळा पडून मिणमिणू लागतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना उजेड आणि खर्च एका चालीने चालत नाहीत याची साक्ष डोळ्यांदेखत मिळालेली आहे.

तापल्यावाचून तेज नाही

असे का व्हावे, हे समजण्यासाठी तंतूच्या दिव्याच्या काचेत डोकावून पाहिले पाहिजे. विद्युत्प्रवाहाला तारेचा रोध होतो आणि तार तापते, हा नियम जूल याने १८४० च्या सुमारास प्रयोगाने दाखवून दिला. इस्त्रीतील तार आणि दिव्यातील तंतू यांत या दृष्टीने काही फरक नाही. दोन्ही तापतात. फरक इतकाच, की दिव्यातील तंतू सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला जातो. तंतूच्या दिव्यातील उजेड हा अशा रीतीने उष्णतेच्या पोटी जन्मास आलेला असतो.

तापलेला पदार्थ अनेक लांबींच्या तरंगांचे किरण बाहेर टाकतो. तो जसजसा अधिक तापेल, तसतसा त्यातील डोळ्यांना दिसणाऱ्या किरणांचा वाटा वाढतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंशांवर असल्यामुळे त्याच्या तेजाचा शिखरबिंदू दृश्य प्रकाशातच पडतो. तंतू त्याच्या निम्म्याहूनही कमी तापलेला. त्याचे शिखर दृश्य प्रकाशाच्या बाहेर, अवरक्त किरणांत पडते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. कातडीला मात्र ऊब म्हणून जाणवतात. परिणामी या दिव्याला दिलेल्या ऊर्जेपैकी सुमारे पाच टक्केच ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपाने हाती लागते. शंभर रुपयांचा बाजार करावा, आणि घरी पाच रुपयांचा माल यावा, तसा हा व्यवहार आहे.

मग तंतू अधिक का तापवू नये? कारण टंगस्टन हा धातूच सुमारे ३४२२ अंशांवर वितळतो, आणि त्याच्या पुष्कळ अलीकडेच तो झिजू लागतो. साधारण दिव्याचे आयुष्य हजार तासांचे धरलेले असे, ते याच तडजोडीमुळे. तंतू मंद ठेवला तर दिवा चिरंजीव होतो, पण उजेड जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशामक केंद्रात १९०१ पासून जळत आलेला एक दिवा प्रसिद्ध आहे. त्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य त्याच्या मिणमिणेपणात आहे. तो अवघ्या चार वॅटच्या आसपास जळतो.

संगत कशी जुळली आणि कशी तुटली

येथे वाचक विचारील, की वॅटचा आणि उजेडाचा जर असा संबंध नाही, तर सगळे जग इतकी वर्षे साठचा दिवा, शंभराचा दिवा असे का म्हणत आले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

१८७९ मध्ये एडिसनने कार्बनच्या तंतूचा दिवा लोकांपुढे ठेवला. त्या काळचे दिवे वॅटवर विकले जात नसत. इतक्या मेणबत्त्यांच्या तेजाचा दिवा, अशी त्यांची ओळख असे, आणि सोळा मेणबत्त्यांचा दिवा हा नेहमीचा समजला जाई. म्हणजे ग्राहकाला प्रथम जे सांगितले जात होते, ते उजेडाचेच माप होते. पुढे टंगस्टनचा तंतू आला. १९१३ मध्ये लँगम्यूरने काचेत निष्क्रिय वायू भरून तो अधिक तापविण्याची युक्ती काढली. एकाच प्रकारचे दिवे सर्वत्र रूढ झाले. सगळे दिवे एकाच जातीचे असले, म्हणजे अधिक वॅट तो अधिक उजेड, हा ठोकताळा व्यवहारात चालून जातो. शेताचा विस्तार त्यात लागणाऱ्या बियाण्यावरून सांगावा, त्यातला हा प्रकार. पीक एकच असेल तोवर हे माप चालते. एका शेतात भात आणि दुसऱ्यात ज्वारी पेरली, की ते निरुपयोगी होते.

आणि तंतूच्या दिव्यांतही हा ठोकताळा तंतोतंत खरा नव्हता. २३० व्होल्टचा ४० वॅटचा दिवा सुमारे ४०० ल्यूमेन प्रकाश देई, आणि १०० वॅटचा दिवा सुमारे १३५० ल्यूमेन. ल्यूमेन हे प्रकाशाच्या एकूण प्रवाहाचे माप असून एक साधी मेणबत्ती सुमारे १२ ल्यूमेन प्रकाश देते, इतके तूर्त ध्यानात ठेवावे. खर्च अडीचपट झाला, तर उजेड तिपटीहून अधिक झाला. जाड तंतू अधिक तापविता येतो, म्हणून मोठा दिवा प्रत्येक वॅटचे अधिक सार्थक करीत असे. याहून गमतीची गोष्ट अशी, की हेच दोन दिवे एकापुढे एक असे एकाच मार्गात जोडले, तर ४० वॅटचा दिवा अधिक तेजस्वी दिसतो आणि १०० वॅटचा जेमतेम तांबूस होतो. लहान दिव्याच्या तंतूचा रोध अधिक असतो आणि दोहोंतून प्रवाह सारखाच जातो. म्हणून लहान दिव्यातच अधिक ऊर्जा खर्च होते.

पुढे नळीचा दिवा, म्हणजे ट्यूबलाइट, घरोघरी आला आणि वॅटची व उजेडाची संगत सर्वांसमक्ष तुटली. ४० वॅटची ट्यूब सुमारे २४०० ल्यूमेन देई. म्हणजे १०० वॅटच्या बल्बाच्या पावणेदोनपटीहून किंचित अधिक. कारण तिच्यातला प्रकाश तापलेल्या तंतूचा नव्हता. पाऱ्याच्या बाष्पातून निघालेले अदृश्य किरण नळीच्या आतील लेपावर पडून त्यांचा प्रकाश होत असे. ‘चाळीसची ट्यूब शंभराच्या बल्बाला मागे टाकते’, हे घरोघर माहीत झाले. तरी तोंडातला वॅट काही सुटला नाही.

शेवटचा घाव एल.ई.डी. दिव्याने घातला. यात तंतू नाही. अर्धसंवाहक पदार्थाच्या कणभर तुकड्यात विजेचे सरळ प्रकाशात रूपांतर होते. निळा प्रकाश देणारा असा तुकडा तयार करणे फार दुर्घट होते. ते साधल्यावरच पांढऱ्या उजेडाचा मार्ग मोकळा झाला, आणि त्यासाठी अकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि तिच्याद्वारे ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. दिवे वाटले गेले. इतक्या घरांत नवा दिवा पोहोचला. त्याचे योग्य माप मात्र त्याच्याबरोबर पोहोचले नाही. म्हणून आजही दुकानदार ‘हा नऊचा, साठाच्या बरोबरीचा’ असे सांगतो. नव्या दिव्याची ओळख मावळलेल्या दिव्याच्या खर्चावरून करून देणे, हा विचित्र प्रकार आहे. ज्या मुलाने साठाचा बल्ब कधी पाहिलाच नाही, त्याला यातून काय बोध होणार?

थंड दिवा हा गैरसमज

वॅटच्या घोटाळ्याला चिकटलेला दुसरा गैरसमज उष्णतेविषयी आहे. नवा दिवा तापतच नाही, असे पुष्कळ जण समजतात. ६० वॅटच्या तंतूच्या दिव्यातून सुमारे ३ वॅट दृश्य प्रकाश निघतो आणि ५७ वॅट उष्णता. ९ वॅटच्या एल.ई.डी. दिव्यातूनही सुमारे ३ वॅटच दृश्य प्रकाश निघतो. उरलेल्या ६ वॅटची उष्णता होते. उजेड जवळजवळ तितकाच, पण वाया जाणारा भाग ५७ वरून ६ वर आला. यात नव्या दिव्याची सारी थोरवी आहे. तथापि ६ वॅट म्हणजे शून्य नव्हे.

शिवाय ही उष्णता निराळ्या वाटेने जाते. तंतूची उष्णता किरणरूपाने काचेतून दूर फेकली जाई. एल.ई.डी.ची उष्णता त्या इवल्याशा तुकड्यात साठते आणि दिव्याच्या बुडातील धातूतून हळूहळू बाहेर पडते. तंतूला उष्णता हवी असते; अर्धसंवाहकाला ती मारक ठरते. म्हणून हवा न खेळणाऱ्या बंद काचेच्या गोलात बसविलेला असा दिवा लवकर मंद होतो किंवा बंद पडतो.

कित्येकदा उष्णता हाच दिव्याचा खरा उपयोग असतो. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, आणि ती देण्यासाठी कुक्कुटपालक तंतूचे दिवे टांगीत आले आहेत. तेथे १०० वॅटच्या जागी १४ वॅटचा नवा दिवा लावला, तर उजेड तितकाच राहील आणि पिल्ले मात्र गारठतील. अमेरिकेतील थंड प्रदेशांत रहदारीच्या खांबांवर एल.ई.डी. दिवे बसविल्यावर २००९ च्या हिवाळ्यात अशीच अडचण ध्यानात आली. जुन्या दिव्यांच्या उष्णतेने वरचा बर्फ वितळून जाई. नव्यांवर तो साठून राहिला आणि तांबडा-हिरवा काही दिसेना. वॅट, उष्णता आणि उजेड या तीन पृथक् गोष्टी आहेत, हे त्या चौकाचौकांत कळून आले.

आणखी एक गोष्ट. खोलीत पडलेला प्रकाशही भिंतींत आणि वस्तूंत शोषला जाऊन अखेर उष्णताच होतो. म्हणून उष्णतेचा हिशेब करावयाचा असेल, तेथे वॅटसारखे खरे माप दुसरे नाही. १०० वॅटचे कोणतेही उपकरण बंद खोलीला अखेर १०० वॅटच तापविते. उन्हाळ्यात पंख्याखाली बसून जुने दिवे जाळणे म्हणजे एका हाताने वारा घ्यावा आणि दुसऱ्याने शेगडी पेटवावी, असे होते.

पुस्तकावर किती उजेड पडला?

आता मुख्य मुद्दा. विद्यार्थ्याला वॅट नको असतात, आणि खरे पाहता ल्यूमेनही नको असतात. त्याच्या पुस्तकावर पुरेसा उजेड पडावा, एवढेच त्याला हवे असते. दर चौरस मीटरवर पडणाऱ्या ल्यूमेनांना लक्स म्हणतात. वाचनासाठी आणि वर्गांसाठी सुमारे ३०० लक्स उजेड योग्य समजला जातो.

समजा, एका घरात ८०० ल्यूमेनचा एकच दिवा आढ्याजवळ आहे आणि मुलगी दोन मीटर खाली जमिनीवर बसून अभ्यास करीत आहे. प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो असे धरले, तर तिच्या वहीवर दिव्याकडून सरळ येणारा उजेड अवघा १६ लक्स भरतो. तोच दिवा अर्ध्या मीटरवर आणला, तर तो सुमारे २५० लक्स होतो. अंतर चौथाई झाले, उजेड सोळापट झाला. आणि खर्चात एका वॅटचीही भर पडली नाही. भिंतींना चुन्याची सफेदी असेल, तर परावर्तनाने त्यात आणखी भर पडते. भिंती काळवंडलेल्या असतील, तर पडत नाही.

‘उजेड कमी पडतो, मोठ्या वॅटचा दिवा आणा’, असे म्हणणारा बाप आपल्या ऐपतीबाहेरचा खर्च करतो. ‘बिल वाढते, लहान वॅटचा दिवा आणा’, असे म्हणणारा मुलीला अंधारात बसवितो. दोघांनाही चुकीच्या मापाने फसविले आहे. दिवा खाली घ्यावा, भिंत पांढरी करावी, खोक्यावरील ल्यूमेन वाचावे, हा सल्ला त्यांना कोणी दिलेला नसतो.

बाजारातही हीच गत आहे. ९ वॅटचे दोन एल.ई.डी. दिवे सारखे नसतात. एखादा वॅटमागे ८० ल्यूमेन देतो, एखादा ११० देतो. पहिला ७२० ल्यूमेनचा, दुसरा ९९० चा. वॅट पाहून घेणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, आणि तो स्वस्त दिवा उचलतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकित लेबलावर या दिव्यांची प्रतवारी वॅटमागे मिळणाऱ्या ल्यूमेनांवरूनच ठरविली जाते. लेबल आहे, ते वाचण्याची सवय नाही.

नव्या मापाची भीती

लोकांना वॅट कळतो, ल्यूमेन हा परका शब्द त्यांच्या गळी उतरणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. पण वॅट तरी आपल्या आजीच्या ओवीतला शब्द होता काय? भारताने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आणली. शेर, मण, आणे, पै हे शब्द लोकांच्या हाडीमाशी खिळलेले होते. तरीही शाळेत मुले किलोग्रॅम शिकली, घरी जाऊन त्यांनी वडीलधाऱ्यांना शिकविले, आणि एका पिढीत देशाचे माप बदलले. त्या बदलापुढे ल्यूमेन ही फार लहान गोष्ट आहे.

शाळांना यासाठी महागडी साधनेही नकोत. जाड पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी तेलाचा एक थेंब पाडावा. तो कागद दोन दिव्यांच्या मध्ये उभा धरावा आणि मागेपुढे सरकवावा. ज्या जागी दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडतो, तेथे तेलाचा डाग जवळजवळ दिसेनासा होतो. त्या जागेपासून एक दिवा १ मीटरवर आणि दुसरा दीड मीटरवर असेल, तर दुसऱ्याचे तेज पहिल्याच्या सव्वादोनपट आहे. ही युक्ती बुन्सेन याची. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक जुना आणि एक नवा दिवा घेऊन मुलांनी ती करून पाहावी, आणि मग दोन्हींवरील वॅटचे आकडे वाचावेत. दिव्यांच्या रंगांत फरक असल्यास डाग पुरता नाहीसा होणार नाही. पण निष्कर्षाला तेवढ्याने बाध येत नाही.

ग्रंथालयांनीही आपल्या टेबलांवर किती लक्स उजेड पडतो, हे वर्षातून एकदा मोजून दारावर लिहून ठेवावे. पुस्तकांची संख्या आपण अभिमानाने लिहितो. ती पुस्तके कोणत्या उजेडात वाचावयाची, हेही वाचकाला कळले पाहिजे.

वॅटला हद्दपार करा, असे आमचे म्हणणे नाही. खर्च मोजण्यास आणि उष्णता मोजण्यास तो हवाच. फक्त त्याने आपल्या जागी बसावे. यापुढे दुकानात गेल्यावर ‘किती वॅटचा?’ हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न ‘उजेड किती?’ हा असावा. दिवा आपण त्यासाठीच घेतो.